पाहावे की नजर वळवावी?



येत्या ६ ऑगस्टला ख्रिस्तसभा प्रभूच्या रूपांतराचा सण साजरा करते. डोंगरावर प्रभूचे मुख तेजाने उजळले आणि शिष्यांवर मेघाची छाया पडली, हे त्या दिवशीच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो. १९४५ साली याच सणाच्या सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमा शहरावर वेगळाच एक प्रकाश चमकला आणि वेगळाच एक ढग उभा राहिला. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी, नागासाकीवर तेच घडले. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मरण पावली.

जपान आपल्याला दूरचा वाटतो. आपल्या धर्मप्रांतापासून मात्र तो तेवढा दूर नाही. 'निरोप्या' मासिकाचे संस्थापक फादर हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धामुळे जर्मन मिशनऱ्यांना भारताचे दार बंद झाले, तेव्हा रोमने त्यांना १९२०च्या दशकात जपानला पाठवले. हिरोशिमाच्या नव्या धर्मप्रदेशाचे ते पहिले प्रमुख. १९२७ साली ते पुण्याला परतले आणि हिरोशिमा जळाले तेव्हा, पंचाऐंशी वर्षांचे असताना, पुण्याच्याच धर्मपीठावर होते. नागासाकीचे तर विचारायलाच नको. वसईचे आपले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मेले, ते नागासाकीच्या टेकडीवर.

साताऱ्याकडची माणसेही तिकडे जाऊन आली आहेत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश राष्ट्रकुलाची जी फौज जपानमध्ये गेली तिचे मुख्य ठाणे हिरोशिमाशेजारच्या कुरे बंदरात होते. त्या फौजेतील भारतीय ब्रिगेडचे प्रमुख थिमय्या होते आणि ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. इटलीत नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ती हीच पलटण. या रेजिमेंटला आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या जवान दिले. अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्या युवक मंडळाने सुचवले की, ६ ते ९ ऑगस्टपर्यंत धर्मग्रामाच्या सभागृहात हिरोशिमा आणि नागासाकी येथील छायाचित्रे लावावीत. त्यांनी चित्रे जमवलीही. ती पाहिल्यावर काही मातांनी आणि दोन ज्येष्ठांनी हरकत घेतली. धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारी लहान मुले त्याच सभागृहातून जातात, अशी भाजलेली, उघडी शरीरे तेथे लावणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. एका मातेने तर सरळ विचारले, "फादर, ती माझी मुलगी असती तर तिचे असे चित्र मी भिंतीवर लावू दिले असते का?" आमच्या मते हा प्रश्न त्या चर्चेतला सर्वांत चांगला प्रश्न होता. त्याला 'मन घट्ट करा' असे उत्तर देणे म्हणजे तो न ऐकणेच होय.

म्हणून आधी ही चित्रे काढणाऱ्यांकडे पाहू.

६ ऑगस्टला हिरोशिमा शहरात जमिनीवरून माणसांची टिपलेली जी छायाचित्रे जगाला ठाऊक आहेत, ती योशितो मात्सुशिगे या वृत्तपत्र छायाचित्रकाराची. ते स्थानिक दैनिकात काम करीत. घर स्फोटाच्या केंद्रापासून पावणेतीन किलोमीटरवर असल्याने ते वाचले. कॅमेरा घेऊन ते कचेरीकडे निघाले, आगीमुळे मागे फिरले आणि मियुकी पुलापाशी आले. तेथे भाजलेली शाळकरी मुले बसली होती, कातडी लोंबत होती, एक पोलीस त्यांच्या जखमांना तेल लावत होता. मात्सुशिगेंनी कॅमेरा उचलला, पण कळ दाबवेना. वीस मिनिटे, अर्धा तास ते तसेच उभे राहिले. हे लोक काय म्हणतील, आपल्यावर रागावतील, असे त्यांना वाटत होते. शेवटी एक चित्र घेतले. चार पावले पुढे जाऊन दुसरे घेताना डोळ्यांतील पाण्याने समोरचे धूसर झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या दिवशी ते तासन्‌तास शहरात फिरले. मृतांनी भरलेली एक ट्राम त्यांना दिसली. तिचे चित्र त्यांनी घेतले नाही. दिवसाअखेर हाती लागली ती फक्त पाच चित्रे. पुलावरच्या दोन्ही चित्रांत माणसे बहुतेक पाठमोरी आहेत.

नागासाकीला योसुके यामाहाता गेले ते लष्कराच्या हुकुमाने. शत्रूच्या क्रौर्याचा प्रचार करायला उपयोगी पडतील अशी चित्रे घ्या, असे त्यांना सांगितले होते. १० ऑगस्टच्या पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक चित्रे घेतली. हातात भाताचा गोळा धरलेला, तोंडावर ओरखडे असलेला मुलगा, अवशेषांतून चालणारी माणसे, कोळसा झालेली प्रेते. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की त्या वेळी आपण अगदी शांत होतो, आणि ती शांतता कदाचित क्षमा करण्याजोगी नसेल. आम्हाला हे प्रामाणिक वाटते. मात्सुशिगेंचे डोळे भरून आले म्हणून ते पवित्र आणि यामाहाता शांत राहिले म्हणून ते निष्ठुर, असे आम्ही म्हणणार नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे डोळे भरून आले तर रुग्णाचे काही खरे नाही. आणि यामाहातांची ती चित्रे नसती तर दुसऱ्या दिवशीच्या नागासाकीबद्दल आपल्याकडे आकड्यांपलीकडे फारसे काही उरले नसते. त्यांनी ती लष्कराच्या प्रचारासाठी दिलीही नाहीत.

पण पाहणाऱ्याचे काय? काढणाऱ्याला निदान तेथे जावे लागले. आपण घरी बसून पाहतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लेओंतियस नावाच्या माणसाची गोष्ट आहे. शहराच्या भिंतीबाहेर मृत्युदंड दिलेल्यांची प्रेते पडलेली त्याला दिसतात. पाहावेसे वाटते आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, आणि शेवटी धावत जाऊन डोळे फाडून पाहतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देतो. सेमिनरीत हा उतारा शिकवताना वर्ग हसतो. आम्हीही हसलो होतो. पण पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटात अपघात झाला की वाहने हळू का होतात, हे त्यात लिहिले आहे. संत अगस्तीन यांनीही आपल्या 'कबुलीजबाबा'त हेच नोंदवले आहे: छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यात सुख ते काय? तरी कोठे पडले आहे कळले की लोक धावतात, आणि पाहून पांढरेफटक पडतात. याला ते डोळ्यांची वासना म्हणतात. ही वासना देहाच्या इतर वासनांपेक्षा फसवी, कारण ती ज्ञानाचा सदरा घालून येते. 'आम्ही फक्त माहिती करून घेतो आहोत' असे ती म्हणते.

सांगलीकरांना उदाहरण लांब शोधायला नको. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली नाव उलटली. पाण्यातून काढलेल्या मृतांची चित्रे संध्याकाळच्या आत आपल्या सर्वांच्या मोबाईलवर होती. त्यांत स्त्रिया होत्या, मूल होते. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांतील बहुतेक माणसे चांगली होती, काहींनी तर त्याच रात्री पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापल्या. तरी एक विचारावेसे वाटते. त्या चित्रातील स्त्रीच्या माहेरी ते चित्र कोणत्या वाटेने पोचले असेल?

मग हिरोशिमाची चित्रे आणि हे यांत फरक काय? केवळ आठ दशके मध्ये गेली, एवढाच असेल तर ती माता बरोबर म्हणते.

संत थॉमस अक्वायनस यांनी जिज्ञासेवर लिहिताना जाणणे वाईट असे कोठेच म्हटलेले नाही. कशासाठी जाणायचे आणि जाणल्यावर माणूस कोणीकडे वळतो, यावरून ते पाहण्याची पारख करतात. आम्हाला यापेक्षाही शुभवर्तमानातील चांगल्या शमरोन्याचा दाखला येथे अधिक जवळचा वाटतो. संत लूक तो किती काटेकोरपणे सांगतात पाहा. याजकाने जखमी माणसाला पाहिले. लेव्यानेही पाहिले. शमरोन्यानेही पाहिले. डोळे तिघांचे सारखेच चालले. याजकाने पाहिले नाही म्हणून तो पुढे गेला असे नव्हे, तो पाहूनच गेला. (हा दाखला वाचताना आम्हा धर्मगुरूंना नेहमीच जरा अवघडल्यासारखे होते, ते योग्यच आहे.) हिरोशिमाच्या कडेला नागात्सुका येथे येशूसंघाच्या नवशिष्यांचे प्रमुख असलेले फादर पेद्रो आरुपे पूर्वी वैद्यकीचे विद्यार्थी होते. स्फोटानंतर त्यांनी मठाचेच इस्पितळ केले आणि दीडशेवर जखमींची शुश्रूषा केली. त्यांनीही पाहिलेच होते.

कोणी म्हणेल, शमरोनी तेल आणि द्राक्षारस ओतू शकला. आज आपण कोणाच्या जखमेवर काय ओतणार? ती माणसे गेली. खरे आहे. म्हणून अशी चित्रे पाहण्याला 'मदत' म्हणू नये. पण न पाहिल्याने कोणाची सोय होते हेही पाहिले पाहिजे.

शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाहिलेले चित्र आठवा. ते ढगाचे असते. हिरोशिमाच्या ढगाचे एक प्रसिद्ध चित्र 'एनोला गे' विमानाच्या शेपटीकडे बसलेला बंदूकधारी सैनिक जॉर्ज कॅरन याने घेतले. चित्र देखणे आहे, हे कबूल करायला हवे. त्यात एकही माणूस नाही. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांना जे दिसले तेच आपण पुस्तकात पाहत आलो. खाली पुलावरून जे दिसले ते मात्र दडवले गेले. सप्टेंबर १९४५ पासून अमेरिकन ताबेदारांनी जपानी वृत्तपत्रांवर नियंत्रण घातले, आणि मोजके अपवाद सोडता अशी चित्रे जपानी माणसालाही पाहता आली नाहीत. एप्रिल १९५२ मध्ये ताबा संपला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टच्या अंकात 'आसाही ग्राफ' साप्ताहिकाने ती छापली. लाखो प्रती खपल्या. सात वर्षे झाकून ठेवण्यामागे मृतांची अब्रू राखण्याचा हेतू होता असे म्हणायला आम्ही धजत नाही.

म्हणजे नजर वळवणे कधी लाज असते, कधी आदर असतो, आणि कधी फक्त सोय असते. तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

त्या मातेचा प्रश्न अजून शिल्लक आहे. चित्रातील माणसाची परवानगी कोठे आहे? आमच्या मनात पहिल्यांदा आले ते क्रुसाचे उत्तर. आपल्या प्रत्येक घरात, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरसुद्धा, छळून मारलेल्या एका देहाची मूर्ती आहे. उघडा, जखमी देह. आपण त्याच्याकडून नजर वळवत नाही, उलट शुभ शुक्रवारी त्याचे चुंबन घेतो. पण हे उत्तर पुरे पडत नाही. प्रभूने आपले शरीर स्वतः दिले. पुलावरच्या मुलांनी काही दिले नव्हते, त्यांच्याकडून घेतले गेले.

पुरे पडणारे उत्तर आम्हाला एका पोस्टमनच्या आयुष्यात दिसते. सुमितेरू तानिगुची सोळा वर्षांचे होते, नागासाकीत सायकलवरून टपाल वाटत होते. त्यांची पाठ पूर्ण भाजली. एकवीस महिने ते पालथे पडून होते. जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकन पथकाने त्यांच्या लालभडक पाठीचे रंगीत चित्रण केले, त्यांना न विचारता. पुढे ते चित्र त्यांच्या हाती आले. त्यांनी ते फाडले नाही. आयुष्यभर ते हातात धरून ते जगभर बोलत राहिले. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांनी ते चित्र वर धरले आणि उपस्थितांना विनवले की माझ्याकडून नजर वळवू नका. २०१७ साली ते वारले. इतरांनी त्यांच्या परवानगीवाचून जे घेतले होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्याला दिले. संत थोमाला प्रभूने आपल्या जखमा दाखवल्या, तसेच काहीसे हे आहे. ते सर्वांच्या वतीने बोलू शकत नाहीत हे आम्ही जाणतो. पण बोलू शकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हेच बोलले, आणि त्यांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, २०२४ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

आता युवकांनाही दोन शब्द. चित्र अन्याय दाखवते, तो कोणाचा हे सांगत नाही. भाजलेले मूल अपघातातही तसेच दिसते. १९३७ साली नानकिंगमध्ये जपानी सैन्याने जे केले त्याचीही चित्रे आहेत, आणि सिंगापूर पडल्यावर हजारो भारतीय सैनिक जपानच्या कैदेत होते. ही चित्रे पाहून 'बिचारे जपानी, दुष्ट अमेरिकन' एवढेच मनात आले तर आपण काही शिकलो नाही. तसेच 'बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले, अधिक जीव वाचले' या युक्तिवादाला चित्र उत्तर देत नाही. उत्तर विचाराने द्यावे लागते. १९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचे ठरवले, तेव्हा एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या कॅथोलिक तत्त्वज्ञ विदुषीने विरोध केला. तिचा मुद्दा साधा होता: निरपराधांना मारणे हेच साधन म्हणून निवडले तर तो खून आहे, पुढे काय फायदा झाला याचा हिशेब नंतरचा. तिचे कोणी ऐकले नाही, पदवी दिली गेली. चांगले व्हावे म्हणून वाईट करावे हे संत पौलाने रोमकरांच्या पत्रात नाकारलेलेच आहे, आणि अख्खी शहरे सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले. पोप फ्रान्सिस २०१९ साली हिरोशिमाला गेले तेव्हा आणखी पुढे गेले: असे शस्त्र बाळगणेही अनैतिक. हे ऐकायला आपल्याला सोपे नाही. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर आपल्याकडेही पेढे वाटले गेले. आपल्या देशाच्या सुरक्षेची चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला पेढा गोड लागला त्याने पुलावरचे चित्रही पाहावे, एवढे मागणे अन्यायाचे नाही.

एक सूचना जाता जाता. दर ऑगस्टमध्ये मोबाईलवर एक संदेश फिरतो, की हिरोशिमात रोजरी म्हणणाऱ्या येशूसंघीयांना काहीही झाले नाही, किरणोत्सर्गही बाधला नाही. काही धर्मगुरू वाचले हे खरे. पण त्यांच्यातील फादर क्लाइनसॉर्गे पुढे आयुष्यभर किरणोत्सर्गाच्या आजाराने कण्हत राहिले. आणि नागासाकीच्या उराकामी धर्मग्रामात सुमारे १२ हजार कॅथोलिक होते, त्यांतील सुमारे साडेआठ हजार मेले. ९ ऑगस्टला उराकामीच्या महामंदिरात दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते, कारण मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आठवड्यावर आला होता. रांगेत उभे असलेले कोणी वाचले नाही. ते रोजरी कमी म्हणत होते का? कृपा करून हा संदेश पुढे पाठवू नका.

सल्लागार मंडळाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे. चित्रे लागतील. तानिगुचींचे चित्र आणि प्रेतांची चित्रे आतल्या खोलीत, पडद्यामागे, सोळा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश नाही. बाहेरच्या सभागृहात मियुकी पुलाची दोन चित्रे आणि जो ओ'डॉनेल या अमेरिकन सैनिकाचे एक चित्र राहील. त्याने युद्धानंतर जपानमध्ये स्वतःच्या कॅमेऱ्याने चित्रे घेतली आणि चाळीसहून अधिक वर्षे ती पेटीत बंद ठेवली, पाहवत नव्हती म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी २०१७च्या अखेरीस हेच चित्र कार्डावर छापून वाटले होते आणि मागे 'युद्धाचे फळ' असे लिहिले होते. त्यात रक्त नाही, जखम नाही. दहा-अकरा वर्षांचा अनवाणी मुलगा सैनिकासारखा ताठ उभा आहे. पाठीशी बांधलेला धाकटा भाऊ मान टाकून झोपल्यासारखा दिसतो. तो झोपलेला नाही. मुलगा त्याला दहन करायला घेऊन आला आहे आणि आपली पाळी येण्याची वाट पाहतो आहे.

या चित्रासमोर मुलांना आणायचे की नाही, हे आईवडिलांनी ठरवावे. आणलेत तर मूल विचारेल तेवढेच सांगावे, आणि खरे सांगावे. सभागृह ६ ते ९ ऑगस्ट रोज सायंकाळच्या मिस्सानंतर एक तास उघडे राहील. दाराशी टोपली ठेवलेली असेल, मोबाईल तीत ठेवून आत यावे.